दाजींच्या गाडीमागं कुणी आलं नाही

भाच्याचा फोन आला तेव्हा मी लातूरला, कॉलेजच्या ऑफिसात होतो. "मामा, बाबा गेले," एवढंच सचिन म्हणाला आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, "कुठं? कुठल्या रस्त्यावर?" "रस्त्यावर नाही मामा. दुकानात. खुर्चीत बसल्या बसल्या." मला ते पटलं नाही. बेंबळीला पोचेपर्यंत एसटीत माझ्या डोक्यात एकच होतं, ही मंडळी आपल्यापासून काहीतरी लपवतायत. आपल्याकडं वाईट बातमी कधी एकदम सांगत नाहीत, थोडी थोडी सोडतात. ज्या माणसाचं सगळं आयुष्य मोटारसायकलवर गेलं तो खुर्चीत कसा जाईल? घरी पोचलो तर अंगणात माणसं जमलेली, आणि त्यातली निम्मी दाजींच्या गाडीभोवती उभी. एक म्हातारे गृहस्थ मडगार्डवरून हात फिरवत शेजारच्याला म्हणत होते, "ओरखडा तर कुठं दिसत न्हाय." खोटं कशाला सांगू, आत जायच्या आधी मीही हँडल वाकलंय का ते बघून घेतलं. आत दाजी शांत झोपल्यासारखे होते. अंगावर खरचटल्याची खूण नव्हती. उशाशी बसलेल्या अक्कानं माझ्याकडं बघितलं आणि रडता रडता म्हणाली, "तूबी गाडीच बघून आलास न्हवं?"

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, मधुकरराव. बेंबळीत त्यांची शेती आणि खताचं दुकान. सख्ख्या मेव्हण्याबद्दल असं लिहू नये, पण त्यांच्याइतका संशयी माणूस मी पाहिला नाही. दुकानात आलेलं खताचं प्रत्येक पोतं ते पुन्हा स्वतःच्या काट्यावर चढवायचे. पेट्रोल पंपावर आधी काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल घ्यायचे, ती बाटली उन्हात धरून बघायचे आणि मगच टाकीचं झाकण उघडायचे. हॉटेलातला चहा तोंडाला लावून "हे दूध कालचंय" म्हणून परत पाठवायचे. न कळवता त्यांच्या घरी गेलो की पाणी यायच्या आधी प्रश्न यायचा, "कशाला आलास? खरं सांग." एरवी ते मला अशोक म्हणायचे, अरेतुरे करायचे. माझ्यावर काही संशय आला की मात्र 'पाव्हणं' आणि 'तुमी' सुरू व्हायचं. सबंध जगात त्यांचा बिनघोर विश्वास बसला होता तो फक्त मोटारसायकलीवर.

अक्काला बघायला ते आमच्या गावी, ईटला आले तेसुद्धा मोटारसायकलवरूनच. बेंबळी ते ईट, तेव्हाचे रस्ते, आणि बरोबरचे वडीलधारे मागून एसटीनं येणार म्हणून हे एकटेच पुढं! डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं माखलेले. आमचे वडील ओट्यावरून बघत राहिले आणि आईला हळूच म्हणाले, "गाडीवर आलाय. उडाणटप्पू असल." पुढं पुष्कळ वर्षं वडिलांना दाजींचा संशय होता आणि दाजींना वडिलांचा. मी तेव्हा शाळेत होतो. मोठी माणसं घरात बोलत बसली होती तेवढ्यात दाजी बाहेर आले, मला टाकीवर बसवलं आणि गावाबाहेरच्या रस्त्यानं नेऊन आणलं. वारा तोंडावर आपटत होता, शर्ट पाठीवर फुगला होता... घरी येऊन मी सगळ्यांदेखत सांगितलं, अक्कानं ह्यांच्याशीच लग्न करायचं.

लग्नानंतर बेंबळीत त्यांचा एक उद्योग सुरू झाला, तो म्हणजे पोरांना गाडी शिकवणं. गावामागं एक मोकळा माळ आहे. तिथं सुट्टीच्या दिवशी दाजी आणि त्यांच्या भोवती पोरं, हे चित्र मी कितीतरी वर्षं बघितलं. पोत्यातला शेरभर माल कमी भरला तर आख्खा ट्रक परत पाठवणारा हा माणूस आपली जिवापाडची गाडी कालपरवा मिसरूड फुटलेल्या पोराच्या हातात द्यायचा आणि मागून चालत सांगायचा, "क्लच असा सोडायचा, झोपलेल्या लेकराखालनं हात काढतो तसा." पोरं पडायची, गाडी पडायची. दाजी आधी पोराचं ढोपर बघायचे, मग गाडीकडं वळायचे. शिकून तयार झालेल्या पोरांना घेऊन दिवाळीनंतरच्या एका रविवारी ते अणदूरला खंडोबाच्या दर्शनाला निघायचे. सकाळी सगळ्यांनी वेशीत जमायचं, दाजी पुढं, मागं गाड्यांची रांग. आडरस्त्यानं शेतांमधून जाऊन हायवेला लागायचं, अणदुरात दर्शन, कपाळाला भंडारा, मग हॉटेलात भजी, आणि दिवस मावळायच्या आत माघारी. एक काळ असा होता की गावात गाड्या कमी पडायच्या, म्हणून पोरं पाव्हण्यारावळ्यांच्या गाड्या मागून आणायची. त्या एका दिवसासाठी पोरं वर्षभर दाजींच्या मागंपुढं असायची.

ही रांग कधी आखडायला लागली ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आधी घरातच झालं. सचिन बारावी झाला तेव्हा दाजींनी त्याच्यासाठी नवी गाडी ठरवली होती. तो म्हणाला, "बाबा, गाडी नको. लॅपटॉप घ्या." दाजींनी लॅपटॉप घेऊन दिला, पण त्या दिवसापासून पोराचे कान कुणी भरले याचा शोध सुरू केला. सचिन पुण्याला गेला, नोकरीला लागला, तिथं तो मोबाइलवरून टॅक्सी बोलावतो आणि मागच्या सीटवर बसून कानात बोंडं घालतो. गावातल्या पोरांचंही तसंच. कुणाची परीक्षा, कुणाला कणकण, कुणाचा मामा येणार. माळावर शिकायला येणाऱ्यांत तर नंतर नंतर शाळेतल्या मुलीच जास्त असायच्या, त्यांना स्कूटी शिकायची असायची. दाजी त्यांना शिकवायचे, पण "हिला गिअरच न्हायत, हिला काय शिकवायचं," म्हणून पुटपुटायचे. प्रत्येक कारण ते तपासून बघायचे. आजारी म्हणालेला पोरगा खरंच अंथरुणावर आहे का हे बघायला ते त्याच्या घरी जायचे, आणि बहुतेक वेळा तो पारावर मोबाइल बघत बसलेला सापडायचा.

मागच्या दिवाळीत मी भाऊबीजेला गेलो होतो आणि अणदूरला जायच्या रविवारपर्यंत राहिलो. सकाळी दाजी पांढरा शर्ट घालून गाडी घेऊन वेशीत गेले. मी वर्तमानपत्राच्या निमित्तानं जवळच्याच टपरीवर बसलो. ऊन वर आलं, कुणी फिरकलं नाही. मग नागेश आला. दाजींचे बालमित्र पांडुरंग, त्यांचा हा मुलगा, डेअरीला दूध घालतो. दाजींचा चेहरा उजळला. पण त्याच्या गाडीला दोन्हीकडं दुधाचे कॅन होते आणि तो मान दुसरीकडं वळवून तसाच पुढं निघून गेला. दाजी आणखी बराच वेळ थांबले. मध्येच गाडी चालू करायचे, बंद करायचे. शेवटी घरी आले, बूट न काढता ओट्यावर बसले आणि म्हणाले, "कुणीतरी केलंय हे."

पहिला संशय माझ्यावर. "पाव्हणं, परवा पारावर पोरांबरोबर काय बोलत व्हता?" मी बोललो होतो ते इतकंच, की एवढ्या गाड्या काढण्यापेक्षा एक जीप केली तर सगळे मावतील. "मंजी तुमीच," दाजी म्हणाले. अक्कानं मध्ये पडून माझी सुटका केली. मग बॅटरीवरच्या स्कूटर विकायला गावात येणारा माणूस संशयात आला. मग रस्ता सुरक्षेवर शाळेत भाषण केलेले मास्तर. मग मोबाइलचं दुकान. मी लातूरला परतल्यावर अक्काचे फोन यायचे आणि रोज नवं नाव ऐकायला मिळायचं. दाजी टपरीमागं उभं राहून पोरांचं बोलणं ऐकायचे. दुकानावर खताला आलेल्या बापाला आधी पोराबद्दल विचारायचे, मग पोतं द्यायचे. सरतेशेवटी संशय पांडुरंगवर जाऊन बसला, कारण मान वळवून गेलेला पोरगा त्याचा. दाजी भर चौकात त्याला म्हणाले, "तूच पोरं फोडलीस." पांडुरंगला काही कळेना. शब्दानं शब्द वाढला, दोघं एकमेकांच्या अंगावर धावून गेले, लोकांनी ओढून बाजूला केलं. एका पाटीवर लिहून मोठी झालेली ही माणसं... दुसऱ्या दिवशी पांडुरंगनं निरोप पाठवला की मेलो तरी माझ्या दारात येऊ नको.

त्या संध्याकाळी अक्का भाकरी करत होती आणि दाजी मागं उभे राहून पांडुरंगची उणीदुणी काढत होते. अक्कानं तवा उतरवला आणि म्हणाली, "त्येंचं नाव घेऊ नका. म्याच सांगितलं पोरांच्या आयांला. हळदीकुंकवाला गेले तवा सांगितलं, पोरं धाडू नका, हायवेला ट्रक लई झाल्यात." हायवेवर शेजारच्या गावचा एक तरुण मुलगा त्याच सुमारास गेला होता, त्यामुळं कुणालाही खरं वाटावं असंच ते होतं. मलाही वाटलं. दाजी सकाळी पांडुरंगच्या दारात जाऊन त्याची माफी मागून आले, आणि आपलं अंथरूण उचलून दुकानात नेलं. जेवणाचा डबा दुकानावर जायला लागला. अक्काशी बोलणं बंद. गावात कुजबुज होऊ लागली, की ह्या वयात ह्यांचं काय बिनसलं? हिवाळा गेला, उन्हाळा लागला, तरी डबा जायचा आणि घासून पुसून परत यायचा.

मग पावसाळ्यातल्या एका रविवारी दाजी गाडी घेऊन घरासमोर आले आणि दारातूनच म्हणाले, "चल, अणदूरला जाऊन येऊ." अक्का लग्नापासून त्यांच्या गाडीवर मोजक्याच वेळा बसली असेल. तिला भीती वाटायची. त्या दिवशी मात्र ती लुगडं बदलून मुकाट्यानं मागं बसली. तिनं मला नंतर सांगितलं, दाजींनी इतकी हळू चालवली की एका ट्रॅक्टरनं हॉर्न वाजवून त्यांना मागं टाकलं. देवळात दोघांनी भंडारा लावला, हॉटेलात भजी खाल्ली. येताना भुरभुर पाऊस लागला. घरी आल्यावर दाजींनी दुकानातलं अंथरूण परत आणलं. त्या जुन्या गोष्टीबद्दल दोघंही चकार शब्द बोलले नाहीत. आणि पुढं थोड्याच दिवसांत ते दुकानात खुर्चीत बसल्या बसल्या गेले.

दिवसकार्य उरकल्यावर काही आठवड्यांनी मी पुन्हा बेंबळीला गेलो. सचिन पुण्याला परतला होता. अक्का एकटीच सोप्यात बसली होती, मी बसल्यावर तिनं एकदम सांगायला सुरुवात केली. "अशोक, म्या कुणालाच काय सांगितलं नव्हतं रे." मला आधी कळेचना ती कशाबद्दल बोलतेय. "पोरांच्या आयांला. कुणाच्या घरी गेलेच न्हाय मी." मग ती म्हणाली, नागेश घरी दूध द्यायला यायचा तेव्हा तिनं त्याला सहज विचारलं होतं की बाबा, तुम्ही त्या दिवशी का नाही आलात? तो म्हणाला, काकू, आम्हाला यायचंच नव्हतं, पण काकांना नाही कसं म्हणायचं? "आता हे ह्यास्नी कसं सांगायचं तूच सांग. हितं पांडुरंगरावांचा जीव घ्यायला निघाले व्हते. म्हणलं, माझ्यावर येऊंदे. माझ्यावर किती दिवस रागावतील? पण पोरांना आपण नको झालोय हे कळलं असतं तर..." तिनं पदर तोंडाला लावला. "आन गेले बग. माझ्याविषयी तसंच मनात धरून गेले."

दाजींच्या सहवासाचा परिणाम असेल, माझा विश्वास बसला नाही. माणूस गेल्यावर मागं राहिलेलं माणूस आपल्या मनाची समजूत घालायला काहीही रचतं. मी बाहेर पडलो आणि डेअरीवर नागेशला गाठलं. तो कॅन उतरवत होता. अक्का तुमच्या आयांना सांगायला आली होती का, असं मी विचारलं. "काकू कुणाकडं बी आल्या नव्हत्या मामा. माझ्या आईला इचारा." मग का नाही आलात? त्यानं हात फडक्याला पुसले. "मामा, सकाळी उठलं की दूध घेऊन गाडी. मग शेताला गाडी. फवारणीचं औषध आणायला गाडी, म्हातारीला दवाखान्यात न्यायला गाडी. पाठ आखडून जाती. एक रविवार घावतो, त्यात बी गाडीवरच बसायचं? त्यापरीस मोबाइल बघत पडलेलं बरं. गाडीवर मोबाइल बी बघता येत न्हाय." मग म्हणाला, "काकांच्या वक्ताला गाडी मंजी मजा व्हती. आमाला ती बैलासारखी हाय." तो हे अगदी साधेपणानं बोलला. त्यात दाजींचा अपमान करायचा हेतू कुठंच नव्हता, आणि मला वाटलं, बरं झालं हे त्यांनी ऐकलं नाही...

पण त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, हे पूर्ण खरं नाही. आता माझ्याजवळचं सांगतो. उन्हाळ्यात, अक्काशी त्यांचा अबोला चालू असताना, दाजी एकदा लातूरला आले होते. भर उन्हात गाडीवरून. मी दार उघडलं तर म्हणाले, "चल, एक वस्तू शोधायचीय." त्यांना हवं होतं लेडीज फूटरेस्ट, मागं एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या बाईला पाय टेकायला असते ती लोखंडी पट्टी. त्यांच्या जुन्या गाडीला ती कधीच नव्हती आणि आता त्या गाडीचं सामान मिळत नाही. आम्ही स्पेअर पार्टची सगळी दुकानं पालथी घातली. प्रत्येक दुकानदार मुद्दाम लपवतोय असा दाजींना संशय होता. शेवटी एका भंगारवाल्याकडं मिळालं, ते त्यांनी दगडावर आपटून, वास घेऊन, मग घेतलं. रसाच्या गाड्यावर बसल्यावर मी विचारलं, हे कुणासाठी? ते म्हणाले, "तुझ्या अक्कानं कुणाला काय सांगितलेलं न्हाय."

मी म्हणालो, अहो, तिनंच कबूल केलं ना?

"म्हणूनच तर. सगळ्या जन्मात तिनं एक गोष्ट पहिल्या फटक्यात कबूल केली न्हाय. दूध उतू गेलं तर मांजराचं नाव घेती. आन एवढं मोठं एका दमात? तवाच मला संशय आला. मग म्या हळूच आडून आडून इचारलं, कुठल्याच आईला काय ठाऊक न्हाय."

"मग पोरं का नाही आली?"

"त्यांस्नी नको व्हतं." त्यांनी ग्लासातला बर्फ हलवला. "ते मला वेशीतच कळलं व्हतं, अशोक. पण कुणीतरी केलंय म्हणलं की बरं वाटतंय रे. भांडायला माणूस घावतो. नुसतं नकोच असलं तर कुणासंगं भांडायचं?"

मी म्हणालो, अक्काला सांगा मग, घरी जा. त्यावर ते एकदम सावध झाले. "आजाबात न्हाय. तिनं माझ्यापायी एवढा आळ घेतला आन आता म्या तिला म्हणू, तुझं खोटं पकडलं? घरी जाईन मी, पण लगेच गेलो तर तिला संशय यील. तूबी बोलू नगंस. शपथ हाय." मी शपथ घेतली होती, पण तेव्हा मला हा त्यांचा आणखी एक संशयच वाटला होता; नागेशकडून ऐकल्यावरच ते पटलं. त्यांच्या माघारी ती मोडायची की नाही हा विचार डेअरीपासून घरापर्यंत करत आलो.

अक्काच्या चेहऱ्याकडं बघून मोडली. रसाच्या गाड्यावरचं सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती डोळे बारीक करून म्हणाली, "मला बरं वाटावं म्हणून रचून सांगलालास." मी म्हणालो, चल बाहेर. गाडी पत्र्याखाली भिंतीशी उभी होती. मी ती पट्टी दाखवली. "ही लग्नापासून होती का?" अक्का म्हणाली, "मला वाटलं असल आधीपासनं. मी कधी बघितलंय?" मग ती खाली बसली. दाजी रोज सकाळी गाडी पुसायचे, दुकान उघडायच्या आधी, अणदूरहून आल्यानंतरही रोज. वरची धूळ बोटानं पुसली की मडगार्डात अजून तोंड दिसत होतं. फूटरेस्टवर मात्र त्या पावसातला चिखल तसाच वाळून बसला होता, आणि त्यात अक्काच्या चपलेचा ठसा होता. अक्कानं ओला फडका आणला, पट्टीजवळ नेला आणि तसाच परत नेऊन दांडीवर वाळत घातला. सगळी गाडी रोज पुसणाऱ्या माणसाकडून तेवढी एक वीतभर पट्टी चुकून राहिली, यावर माझा तरी विश्वास नाही.